ठासणीच्या नव्या बंदुकीचे पहिले बार
(नभोवाणीवरील भाषण)

नवी वस्तु घरांत आली म्हणजे ती त्याच दिवशीं आपली होते असें नाहीं. नवा तवा पहिली भाकरी धरून ठेवतो, नवीं पायतणें टांचा सोलतात, नव्या कुलपाची किल्ली फिरतां फिरत नाहीं. पण या वस्तु रुसल्या तर फार तर एक भाकरी जाते किंवा एक टांच सोलते. आज ज्या वस्तूविषयीं मी बोलणार आहें, तिच्याशीं पहिल्या दिवशीं नीट वागलें नाहीं तर डोळा किंवा पंजा गमावण्याचा प्रसंग येतो. आणि तो टळला तरी महिनेन् महिने खपून केलेली नळी एका दुपारीं वाया जाऊं शकते. ही वस्तु म्हणजे ठासणीची बंदूक. आणि तीहि साध्या गुळगुळीत नळीची नव्हे, तर नळीला आंतून पीळ दिलेली, जिला आपण रायफल म्हणतों ती.

श्रोत्यांपैकीं ज्यांचें मूळ घर कोंकणांत किंवा गोव्यांत असेल, त्यांना ठासणीची बंदूक अपरिचित नसेल. रानडुकरें आणि माकडें यांपासून पिकाचें रक्षण करण्याकरितां परवान्यानें मिळालेली अशी बंदूक तिकडे अजूनहि कोठें कोठें दिसते. तोंडाकडून दारू ओतावयाची, वर चिंधी दाबावयाची, मग छर्रे सोडावयाचे, पुन्हां गजानें ठासावयाचें, मागच्या बाजूस टोपी बसवावयाची आणि चाप ओढावयाचा, असा तिचा विधि. ती नळी आंतून गुळगुळीत असल्यामुळें तिच्यांत कांहींहि कोंबलें तरी ती फारशी तक्रार करीत नाहीं. पीळदार नळीचा स्वभाव मात्र अगदीं निराळा.

पीळदार नळीची ठासणीची बंदूक मूळची मध्य युरोपांतली. अठराव्या शतकांत जर्मन कारागीर अमेरिकेंतील पेन्सिल्व्हानियांत जाऊन वसले, आणि त्यांच्या हातून तिथल्या रानाला साजेशी लांब, सडपातळ, मेपलच्या लाकडाचा दस्ता असलेली रायफल हळूहळू घडत गेली. तिची नळी पुष्कळदां चाळीस इंचांहूनहि लांब असे. पुढें पाठीमागून काडतूस भरावयाच्या बंदुका आल्या आणि तिची गरज संपली. हौस मात्र संपली नाहीं. १९३३ सालीं अमेरिकेंत या हौशी मंडळींनीं आपली राष्ट्रीय संस्था काढली, व इंडियाना संस्थानांतील फ्रेंडशिप नांवाच्या लहानशा गांवीं तिचें चांदमारीचें मैदान आहे. व्हर्जिनियांत विल्यम्सबर्ग येथें जुन्या वसाहतीचें शहर जपून ठेवलेलें आहे. तेथील बंदूक कारागीर वॉलेस गसलर यांनीं लोखंडाच्या पट्टीपासून नळी, गारेची कळ, दस्ता, सारें हातानें कसें घडवितात, हें दाखविणारा बोलपट १९६९ सालीं निघाला. तेव्हां ही बंदूक पदार्थसंग्रहालयांतली मृत वस्तु नव्हे; ती आजहि नव्यानें घडते, आणि नवी घडते म्हणूनच तिला वळण लावण्याचा प्रश्न उत्पन्न होतो.

हें वळण कशाचें, तें समजण्यास नळीच्या आंत डोकावलें पाहिजे. नळीच्या आंतील भिंतीवर मळसूत्राप्रमाणें फिरत जाणाऱ्या खांचा कोरलेल्या असतात, आणि दोन खांचांच्या मध्यें उंच कंगोरे राहतात. गोळी या पिळानें स्वतःभोंवतीं फिरत बाहेर पडते, आणि फिरती गोळी भोंवऱ्याप्रमाणें आपला आंस सोडीत नाहीं. वाटोळ्या गोळीच्या नळीचा पीळ बहुधा सावकाश असतो. अठ्ठेचाळीस इंचांत एक फेरा, किंवा त्याहूनहि मंद म्हणजे सहासष्ट इंचांत एक फेरा. परंतु खरी गंमत अशी कीं, गोळी आणि नळी यांची प्रत्यक्ष भेट होतच नाहीं. अर्धा इंच व्यासाच्या नळींत शिशाची गोळी घालतात ती ०.४९ इंचाची. उरलेली जागा भरून काढतें एक तेलकट कापड. सुताच्या घट्ट विणीचा, सुमारें ०.०१५ इंच जाडीचा वाटोळा तुकडा नळीच्या तोंडावर ठेवून त्यांत गोळी गुंडाळून आंत दाबतात. कंगोऱ्यांवर तें कापड चेंगरतें, खांचांत फुगतें, आणि पीळ गोळीच्या अंगीं पोंचवितें. दारूचा वायु पुढें निसटूं न देण्याचें कामहि त्याचेंच. बंदुकीची सारी अचूकता अशा रीतीनें एका चिंधीच्या हातीं असते. चिंधी मध्येंच फाटली कीं गोळी भलतीकडे.

आतां दारूकडे वळूं. सोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू जळते, तेव्हां तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग वायुरूप होतच नाहीं. तो घन राहतो. त्यांतला कांहीं पांढऱ्या धुराबरोबर बाहेर पडतो, उरलेला नळींत काजळीसारखा चिकटून बसतो. दोनचार बार झाले कीं नळी आंतून अरुंद होते आणि पुढची गोळी उतरावयास कुरकुर करते. हें किटण मऊ राहावें, गोळी सुखानें उतरावी, यासाठीं चिंधीला किंवा काडतुसाला मेण, तेल अथवा चरबी लावतात.

चरबी हा शब्द उच्चारला कीं आपल्या देशांतील श्रोत्याला १८५७ साल आठवल्याशिवाय राहणार नाहीं, आणि तें योग्यच आहे. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही ठासणीचीच होती. तिची नळी ०.५७७ इंचाची, तिला तीन खांचा, आणि अठ्ठ्याहत्तर इंचांत एक फेरा. तिची गोळी वाटोळी नसून लांबट व बुडाशीं पोकळ, आणि कापडाऐवजीं कागदांत गुंडाळलेली असे. बार उडतांच बूड फुगून ती खांचांत बसे. पण नळींत उतरतांना किटण आड येऊं नये म्हणून त्या कागदाला बाहेरून स्निग्ध लेप दिलेला असे. हा लेप गाईच्या व डुकराच्या चरबीचा आहे, ही वार्ता जानेवारी १८५७ मध्यें कलकत्त्याजवळच्या दमदम छावणींत पसरली. शिपायांनीं आपल्या पसंतीचें मेण-तेल स्वतः लावावें अशी मुभा त्याच महिन्यांत देण्यांत आली, दांतांनीं काडतूस तोडण्याऐवजीं हातानें फाडण्याची कवाइतहि पुढें निघाली. परंतु विश्वास एकदां उडाला तो परत आला नाहीं. २४ एप्रिल रोजीं मीरतेस ८५ स्वारांनीं काडतुसें घेण्याचें नाकारलें, आणि १० मे रोजीं तेथें उठावाला तोंड लागलें. त्या उठावाचीं कारणें अर्थात् अनेक व खोल होतीं. पण नळींतल्या किटणाची अडचण दूर करावयास निघालेला एक लेप निमित्त म्हणून इतिहासांत शिरला, हें इतिहास शिकवितांना आम्ही मास्तर मंडळी मुलांना क्वचितच उलगडून सांगतों. चरबी कोणाची, एवढेंच सांगतों; ती मुळांत लागत कां होती, हें सांगत नाहीं.

असो. आपण नव्या नळीकडे येऊं. पोलादांत खांचा कोरणारें हत्यार कितीहि चांगलें असो, कंगोऱ्यांच्या कडा प्रथम धारदार राहतात, जागोजाग अति सूक्ष्म खवले राहतात. नळीचें तोंड जेथें कापलेलें असतें, तेथें तर या धारा अगदीं कोऱ्या वस्तऱ्यासारख्या असतात. गोळी दाबतांना ही धार चिंधी कापते. ही धार जाऊन कडा मवाळ होईपर्यंत जे बार काढावे लागतात, तेंच नव्या बंदुकीला वळण लावणें. कोणी म्हणतो पन्नास बार पुरेत, कोणी दोनशें सांगतो. उत्तम घांसून घोटलेल्या नळीला हें कांहींच लागत नाहीं असेंहि जाणते सांगतात; तेव्हां आंकड्यापेक्षां चिंधीच्या साक्षीवर भरंवसा ठेवणें बरें. ती साक्ष कशी वाचतात, तें पुढें सांगतों.

मैदानावर जाण्यापूर्वीं घरचीं कामें आहेत. कारखान्यांतून आलेल्या नळींत गंज लागूं नये म्हणून जाड तेल भरलेलें असतें. तें सारें काढून नळी कोरडी केली पाहिजे, नाहींतर पहिल्याच वेळीं दारू भिजून बसते. रंजकाचा कान, म्हणजे बाहेरची ठिणगी आंतल्या दारूपर्यंत पोंचविणारें छिद्र, मोकळा आहे कीं नाहीं तें बारीक तारेनें पाहावें. दस्त्याचे स्क्रू आंवळून घ्यावे. लांकूड नवें असल्यामुळें पहिल्या कांहीं बारांनीं तें बसतें आणि स्क्रू ढिले पडतात. इंग्लंडमध्यें नळीची सरकारमान्य कसोटी घेण्याची जुनी चाल आहे. लंडनच्या बंदूक कारागीरांच्या मंडळीला १६३७ सालीं सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचें कसोटीघर १८१३ सालीं स्थापन झालें. अमेरिकेंत असें सक्तीचें बंधन नाहीं. म्हणून तेथील हौशी कारागीर पहिला बार स्वतःच्या खांद्यावरून काढीत नाहीं. बंदूक मोटारीच्या जुन्या रबरी टायरांत घट्ट बांधावी, लांब दोरी चापाला लावावी, झाडामागें किंवा भिंतीमागें उभें राहून ओढावी, आणि मग नळी, कळ व दस्ता बारकाईनें तपासावा, अशी त्यांची पद्धत आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते.

मैदानावरील क्रम सांगतों. पण प्रथम एक इशारा. या बंदुकींत फक्त काळी दारू किंवा तिच्याऐवजीं म्हणून मुद्दाम बनविलेली दारू चालते. आधुनिक काडतुसांतील बिनधुराची दारू चिमूटभरहि घालूं नये. तिचा दाब इतका चढतो कीं नळी फुटते. तसेंच, आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें सर्वसाधारणपणें ठासणीची बंदूकहि परवान्यावांचून ठेवतां येत नाहीं, हें ऐकणाऱ्या तरुणांनीं लक्षांत घ्यावें.

नळी रिकामी आहे हें गज आंत सोडून पाहावें, आणि रिकाम्या नळींत गज जेथवर जातो तेथें त्याच्यावर एक खूण करावी. मग हलका बार भरावा. अर्धा इंची नळीला पन्नास ग्रेन, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या जवळपास दारू हा आरंभाचा जुना सुमार आहे. नळी करणाऱ्यानें सांगितलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर ती पाळावी. दारू शिंगांतून किंवा डब्यांतून थेट नळींत कधींहि ओतूं नये. ती आधीं लहान मापांत घ्यावी आणि मापानें ओतावी. मागच्या बाराची एखादी ठिणगी आंत धुमसत असली तर मापांतलीच दारू भडकते. शिंगांतून ओतणाऱ्याच्या हातांत सबंध शिंग भडकतें. नंतर चिंधींत गुंडाळलेली गोळी दाबावी. गज लाकडी असेल तर तो नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावरच धरावा आणि थोडा थोडा ढकलावा. लांबून धरून जोर केला कीं तो वांकतो, मोडतो, आणि मोडलेलें टोंक तळहातांतून आरपार जातें. तोंड मात्र नेहमीं नळीच्या समोरून बाजूला.

गोळी दारूवर टेंकलीच पाहिजे. मध्यें पोकळी राहिली तर बार उडतांना नळीला त्या ठिकाणीं कड्यासारखा फुगा येतो आणि ती कायमची बिघडते, क्वचित् फुटतेहि. म्हणून भरलेल्या नळींत गज जेथें थांबतो तेथें त्याच्यावर दुसरी खूण करावी, आणि प्रत्येक बाराला ती खूण नळीच्या तोंडाशीं आली कीं नाहीं तें पाहावें. या दोन खुणा करावयास मिनिटभर लागतें. गारेची बंदूक असेल तर पेल्यांत रंजक थोडी घालावी, ती छिद्रावर दाबून बसवूं नये. चाप ओढला आणि रंजक नुसतीच भडकून गेली, बार झाला नाहीं, तर बंदूक लक्ष्याकडेच रोखून मिनिटभर थांबावें. कधीं कधीं आंतली दारू सावकाश पेट घेते.

बार झाला. आतां लक्ष्याकडे न धांवतां नळीपुढें दहापंधरा पावलांवर गवतांत पडलेली चिंधी शोधावी. नवशिका लक्ष्याकडे पाहतो. मुरलेला माणूस चिंधी उचलतो. चांगली चिंधी अखंड असते. मध्यें गोळी बसल्याची करडी वाटोळी खूण, तिच्याभोंवतीं कंगोऱ्यांचे ठसे फुलाच्या पाकळ्यांसारखे, कडेला थोडे सुटलेले धागे. मध्यभागीं जळून भोंक पडलें असेल तर कापड पातळ आहे, तेल अपुरें आहे किंवा दारू जास्त झाली आहे. कडेच्या बाजूला जळकट पट्टे असतील तर वायु गोळीच्या बगलेनें निसटतो आहे, अर्थात् कापड जाड हवें. आणि ठराविक अंतरावर वाटोळे सरळ चिरे पडले असतील, जणूं कात्रीनें कापले, तर ती कंगोऱ्यांची धार.

गेल्या वर्षीं मुलीकडे पेन्सिल्व्हानियांत राहावयास गेलों असतां हें वाचन मीं प्रत्यक्ष पाहिलें. तिच्या शेजारीं राहणाऱ्या एका वृद्ध सुतारानें दोन हिंवाळे खपून एक रायफल घडविली होती, नळी तेवढी विकत घेतलेली. त्यांच्याबरोबर मी मैदानावर गेलों. पहिल्या आठ बारांच्या आठहि चिंध्या चिरलेल्या निघाल्या आणि लक्ष्याच्या कागदावर भोंकें पत्रावळीएवढ्या जागेंत विखुरलीं. गृहस्थ खालच्या मानेनें नळी पुसूं लागले. ही नळी काढून परत पाठवावी लागणार, आणि तिच्या मापानें कोरलेला दस्ता फुकट जाणार, असें त्यांच्या मनानें घेतलें होतें. तेथें बसलेल्या एका अनुभवी नेमबाजानें त्या चिंध्या हातांत घेतल्या, चिरे बोटानें मोजले आणि नळीचे कंगोरे मोजले. संख्या जुळली. त्यानें विचारलें, "गोळी आंत जातांना कापड कापतें आहे, कीं बाहेर येतांना?" मग न उडवितां एक गोळी चिंधीसकट तोंडांत जरा दाबून परत काढली; चिंधी तेवढ्यानेंच चिरली होती. दोष सबंध नळीचा नव्हता, तोंडाच्या कडेचा होता. त्यानें बारीक पॉलिश कागदाचा तुकडा ओला करून अंगठ्याखालीं धरला, अंगठा नळीच्या तोंडांत रोवून अर्धा अर्धा फेरा देत, मधून मधून बंदूक फिरवीत, पाव तास घांसलें. अंगठ्याचा मऊ मांसल भाग प्रत्येक कंगोऱ्यावर सारखा दाबतो, त्यामुळें कड वांकडी होत नाहीं. हेंच कानशीनें केलें असतें तर नळी खरोखरच गेली असती. नळी पुसून पुन्हां बार काढले. तिसऱ्या चिंधीला चिरा नव्हता. त्या सुतारानें ती चिंधी घडी करून खिशांत ठेवली.

या कामांत प्रत्येक बारानंतर नळी पुसणें आवश्यक. एक ओलसर चिंधी, मग एक कोरडी, मग पुढचा बार. पुसलें नाहीं तर कंगोऱ्यांवर किटणाचा थर बसतो, आणि गोळी घांसते ती किटणावर, पोलादावर नव्हे. येथें एका जुन्या समजुतीचा समाचार घेतला पाहिजे. नळीला तेल पाजून पाजून ती तव्याप्रमाणें मुरते, आणि मुरलेली नळी धुवूं नये, असें सांगणारे लोक अजून आहेत. तव्यावर तेल जळून थर बसतो तो भाकरीला उपकारक. पण बंदुकीच्या नळींत बसलेला थर म्हणजे तेलांत कालवलेलें किटण, आणि त्यांतले क्षार हवेंतली ओल शोषून पोलादाला खातात. या समजुतीपायीं पुष्कळ चांगल्या नळ्या गंजल्या आहेत.

चिंध्या अखंड येऊं लागल्या, गोळी सबंध नळीभर एकसारख्या जोरानें उतरूं लागली, म्हणजे दारूचें माप ठरवावयाचें. पांच पांच ग्रेन वाढवीत प्रत्येक मापाचे पांच बार टेंकू देऊन काढावे आणि कोणत्या मापाला भोंकें सर्वांत जवळ येतात तें पाहावें. जास्त दारू म्हणजे चांगला नेम हा समज खोटा आहे. या वेळीं भोंकें लक्ष्याच्या खालीं पडलीं तरी चिंता नको. पुढची माशी कारागीरानें मुद्दामच उंच ठेवलेली असते, कारण घांसून कमी करतां येतें, वाढवितां येत नाहीं. ती सर्वांत शेवटीं घांसावी. किती घांसावी याचें गणित समरूप त्रिकोणांचें आहे. दोन्ही नेमांमधील अंतर छत्तीस इंच धरूं. लक्ष्य पन्नास यार्डांवर, म्हणजे अठराशें इंचांवर. प्रमाण पन्नासाचें झालें. गोळी दोन इंच खालीं लागत असेल तर माशी दोन इंचांचा पन्नासावा भाग, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर कमी करावयाची. वर्गांत ज्या मुलांना हा सिद्धान्त कंटाळवाणा वाटे, त्यांना हें उदाहरण त्या वेळीं देतां आलें असतें तर बरें झालें असतें.

संध्याकाळीं घरीं आल्यावर, कितीहि दमणूक झाली असली तरी, नळी पाण्यानें धुवून, कोरडी करून, तेलाचा हात फिरवूनच बंदूक भिंतीला लावावी. गार धरणारे जबडे, रंजकाचा पेला आणि कान हींहि पुसावीं. दमट हवेंत एका रात्रींत तांबडा थर येतो. आपल्या कोंकणांत पावसाळ्यांत तर तो सकाळची वाटहि पाहणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं एकदां कोरडी चिंधी फिरवून ती तांबडी निघते कां, तें पाहावें. पेन्सिल्व्हानियाच्या जुन्या रायफलींच्या दस्त्यांत चिंध्या ठेवण्याची झांकणाची एक पोकळी असते. त्या सुतारानें ठरलेलें दारूचें माप, गोळीचा व्यास आणि कापडाची जाडी एका कागदाच्या कपट्यावर लिहून तो कपटा त्या झांकणाच्या आंतल्या बाजूस चिकटवून टाकला.